डाव्या पायाचं काम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यात मला एका स्नेह्यांचा फोन आला. उभी हयात मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. कर्जत तालुक्यात कडावच्या पुढे त्यांनी लहानसं घर बांधलंय आणि शनिवार-रविवारी ते तिथे असतात. फोनवर म्हणाले, ''कविराज, एक सल्ला हवाय. स्पोर्ट्स कार घेतोय. ऑटोमॅटिक घेऊ की मॅन्युअल?''

मी क्षणभर गप्पच झालो. मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. आमच्याकडे लोक येतात ते लग्नपत्रिकेचा मजकूर बघून द्या म्हणायला. म्हटलं, ''साहेब, चुकीच्या माणसाला फोन लागला.'' ते हसले. म्हणाले, ''नाही. तुमच्या अब्बांच्या ट्रकवरची कविता मी ऐकलीय. ज्याचे वडील तीस वर्षं बोरघाट चढले-उतरले, त्याला नाही विचारायचं तर कोणाला?''

अब्बांचं नाव निघाल्यावर मला माघार घेता येईना. खोपोलीत माझ्या भाच्याचं गॅरेज आहे. घाटात बंद पडलेली गाडी टोचन लावून खाली आणली की बऱ्याचदा ती त्याच्याच दारात उभी राहते. त्याला गाठलं, बरंच विचारलं, थोडं वाचलं आणि अब्बांचं बरंच आठवलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. स्पोर्ट्स कार आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी असेल. पण हा प्रश्न आता साध्या गाडीच्या शोरूममध्येही विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने शोधलं जातं.

गिअर कशासाठी?

आधी मुळाशी जाऊ. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला जन्मजात एक खोड असते. ते ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच जोर देतं. फार हळू फिरवलं तर गचके खाऊन बंद पडतं आणि फार जोरात फिरवलं तर नुसतं ओरडतं. चाकाला मात्र कधी मुंगीच्या चालीने चढ चढायचा असतो, तर कधी सपाटीवर धावायचं असतं. या दोघांचं जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पुष्कळ फिरतं आणि चाक थोडं, म्हणून जोर वाढतो पण वेग मिळत नाही. वरच्या गिअरमध्ये उलट. गिअरची सायकल ज्याने चढावर मारली आहे त्याच्या पिंढऱ्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आमच्या भागात याचं एक वेगळं उदाहरण रोज पाहायला मिळतं. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना आजही कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, ती गाडीला घाट चढवून देतात. कर्जतचा वडा महाराष्ट्रभर पोहोचला तो गाड्यांच्या या थांब्यामुळेच. मोटारीला असं मागून दुसरं इंजिन लावता येत नाही. म्हणून ती आहे त्याच इंजिनाचा जोर गिअरने वाढवून घेते.

आता गिअर बदलताना इंजिन आणि चाकं यांची क्षणभर फारकत करावी लागते. ते काम क्लचचं. आणि क्लच हे डाव्या पायाचं काम. म्हणजे ऑटोमॅटिक की मॅन्युअल, हा प्रश्न सोपा करून सांगायचा तर असा आहे : हे डाव्या पायाचं काम तुम्ही करणार, की गाडीवर सोपवणार?

अब्बांच्या काळी ते काम आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. गिअरचे दाते एकमेकांत बसण्याआधी त्यांचा वेग जुळावा लागतो. तो आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची युक्ती अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत १९२८ सालीच आली होती. पण अब्बा ज्या ट्रकवर होते तिथपर्यंत ती पोहोचली नव्हती. तिथे डबल क्लच. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. हे सगळं चढावर, मागे माल आणि पुढे वळण असताना. चुकलं तर गिअरबॉक्स असा करकरायचा की क्लिनर आपसूक दगड हातात घेऊन दाराशी तयार व्हायचा. सुट्टीत मी अब्बांबरोबर केबिनमध्ये बसून जायचो. गझलेच्या ओळीत यती कुठे येतो हे मला पुढे पुस्तकांतून शिकवलं गेलं. त्याआधी ते अब्बांच्या डाव्या पायाने शिकवलं होतं.

ऑटोमॅटिक म्हणजे एक नव्हे

भाचा मला म्हणाला, ''मामू, लोक 'ऑटोमॅटिक' म्हणतात तेव्हा मी आधी विचारतो, कुठली?'' कारण या एका शब्दाखाली निदान चार वेगळी यंत्रं नांदतात.

पहिलं आणि सर्वांत जुनं टॉर्क कन्व्हर्टरचं. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाचा पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या रेट्याने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. मध्ये घासणारा क्लच नाही, म्हणून चाल मऊ. तेलातून ताकद पोहोचवण्याची ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, १९०५ सालची. तेलाच्या जोडणीची पूर्ण ऑटोमॅटिक गाडी १९४० च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओल्ड्समोबिलने सर्रास विकायला काढली.

दुसरं यंत्र दोन क्लचचं. एका क्लचकडे १, ३, ५ हे गिअर आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तिसरा चालू असतानाच चौथा तयार होऊन बसलेला असतो. मुशायऱ्यात एक शायर वाचत असताना पुढचा माईकशेजारी येऊन उभा राहतो ना, तसं. त्यामुळे गिअर बदलताना ताकदीत खंड जवळजवळ पडतच नाही. पोर्शने १९८० च्या दशकात ते शर्यतीच्या गाड्यांवर वापरून पाहिलं. रस्त्यावरच्या गाडीत ते प्रथम आणलं फोक्सवॅगनने, २००३ साली गोल्फमध्ये.

तिसरं एएमटी. गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायला आणि दांडी हलवायला यंत्राचा हात बसवलेला. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून ते आपल्याकडे आलं आणि स्वस्त गाडीतही डाव्या पायाला सुट्टी मिळाली. चौथं सीव्हीटी. त्यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुलींमधला पट्टा वर-खाली सरकतो आणि प्रमाण सलग बदलत राहतं.

स्पोर्ट्स कारमध्ये मुख्यतः पहिली दोन असतात. दोघांचे स्वभाव वेगळे. तेलाचं यंत्र वाहतुकीच्या कोंडीत मुंगीच्या पावलांनी सरकायला सोशिक. दोन क्लचचं यंत्र मोकळ्या रस्त्यावर चपळ, पण चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर त्याचा क्लच तापतो. म्हणून गाडी घेताना ऑटोमॅटिक आहे एवढं ऐकून थांबू नका. कोणत्या जातीची आहे ते विचारा.

वेगाचा वाद मिटला आहे

माझ्या स्नेह्यांचा पहिला मुद्दा वेगाचा होता. ''स्पोर्ट्स कार म्हणजे मॅन्युअल. ऑटोमॅटिक सुस्त असतात.'' एके काळी हे खरं होतं. जुन्या ऑटोमॅटिकला तीन किंवा चार गिअर, तेलात वाया जाणारी ताकद आणि 'आता बदलू का नंतर' असा घोळ. पण तो काळ गेला.

शर्यतीच्या जगात तो १९८९ साली गेला. त्या वर्षी फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत गिअरची दांडी काढून स्टिअरिंगमागे दोन पाती बसवली. ती बोटांनी ओढायची, बाकीचं काम यंत्र करणार. पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेलने ती गाडी जिंकून दाखवली. पुढे काही वर्षांत तिथली दांडीच गेली. रस्त्यावरच्या गाड्यांनाही हळूहळू तीच वाट सापडली.

आकडाच हवा असेल तर बीएमडब्ल्यूची एम २ घ्या. ही दोन दारांची गाडी २०२३ साली भारतात आली तेव्हा दोन्ही प्रकारांत मिळत होती. ८ गिअरची ऑटोमॅटिक किंवा ६ गिअरची मॅन्युअल. कंपनीने दिलेले आकडे असे : थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ऑटोमॅटिकला ४.१ सेकंद आणि मॅन्युअलला ४.३ सेकंद. तेही कसलेला हात असेल तर. आपल्या हाताला त्याहून जास्त लागणार.

मग मॅन्युअल उरलीच का? याचं उत्तर पोर्शच्या गिऱ्हाइकांनी दिलं. २०१३ साली पोर्शने आपली ९११ जीटी ३ ही गाडी फक्त दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये आणली. गाडी आधीपेक्षा वेगवान होती, तरी जुने चाहते नाराज झाले. २०१६ साली कंपनीने ९११ आर नावाची गाडी काढली, फक्त ६ गिअरची मॅन्युअल आणि तीही मोजून ९९१ नग. त्यांवर उड्या पडल्या. २०१७ पासून जीटी ३ मध्येही मॅन्युअल पुन्हा मिळू लागली. जास्त पैसे मोजणारा माणूस कमी वेगाची गाडी मागून घेत होता. म्हणजे त्याला वेग नको होता. त्याला काम हवं होतं. डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं.

मला हे सांगताना संकोच वाटत नाही, कारण कवितेतही असंच आहे. गद्यात दोन मिनिटांत सांगता येणारी गोष्ट आम्ही वृत्तात बांधत बसतो. उशीर लागतो, पण त्या उशिरातच आमचं सुख असतं.

शनिवारची तसबीह

तरी मी स्नेह्यांना लगेच मॅन्युअल घ्या म्हटलं नाही. त्यांचा डावा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. तालुक्याच्या वाचनालयाच्या पायऱ्या ते कठडा धरून चढतात. म्हटलं, ''तुमची जुनी गाडी मॅन्युअल आहे ना? शनिवारी सकाळी आपण खंडाळ्याला चहा प्यायला जाऊ.''

कर्जतहून पळसदरीवरून खोपोली, आणि खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर. शनिवारची सकाळ, म्हणजे निम्मी मुंबई लोणावळ्याला निघालेली. खोपोली सोडली आणि मी खिशातून तसबीह काढली. त्यांनी क्लच दाबला की एक मणी सरकवायचा. तसबीहचा हा उपयोग अल्ला माफ करो. शिंग्रोबाच्या देवळापर्यंतच बरेच मणी सरले. पुढे घाटात गाड्यांची रांग लागली. हात-दोन हात सरकायचं आणि थांबायचं. शंभरीचा फेरा पुरा झाला तरी खंडाळा यायचा होता. मी मोजणं सोडलं. स्नेह्यांनी वर पोहोचल्यावर चहाआधी गुडघा चोळला.

मग मी त्यांना विचारलं, ''तुम्ही गाडी कुठे चालवणार?'' हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस स्पोर्ट्स कार घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रिकामा, वळणावळणाचा, पहाटेचा रस्ता असतो. प्रत्यक्षात ती गाडी पनवेलच्या कोंडीत, चौकच्या फाट्यावर आणि कर्जतच्या गतिरोधकांवर उभी असते. जमिनीला टेकलेली गाडी गतिरोधकावरून काढायची म्हणजे तिरकी धरून, हाफ क्लचवर, श्वास रोखून. जोरदार इंजिनाचा क्लच बहुधा जडही असतो. महिन्यातले किती तास पहाटेचे आणि किती तास कोंडीचे, याचा हिशेब कागदावर मांडा. आणि तो मांडताना गाडी अजून कोणी चालवणार आहे का, हेही विचारा.

हा शेवटचा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. घरी परतल्यावर वहिनींनी तो स्वतःहून सोडवला. त्या गाडी चालवायला शिकल्या त्याच मुळी ऑटोमॅटिकवर. चहा पुढे ठेवत म्हणाल्या, ''हौस दोघांची असेल तर माझी ना नाही. एकट्याची असेल तर मग विचार करते.''

उतारावर खरी परीक्षा

इथपर्यंत सगळं चढाचं आणि कोंडीचं झालं. पण अब्बा म्हणायचे, चढ इंजिन चढतं, उतार ड्रायव्हर उतरतो. या निवडीत आयुष्याचा प्रश्न जर कुठे असेल तर तो उतारावर आहे, आणि त्याबद्दल शोरूममध्ये सहसा कोणी बोलत नाही.

थोडं गणित करू. खंडाळ्याहून खोपोली सुमारे ५०० मीटर खाली आहे. दीड टनाची गाडी तेवढी खाली आली की साधारण दोन युनिट विजेइतकी शक्ती मोकळी होते. ही शक्ती काही काल्पनिक नव्हे. याच डोंगरावरून पाणी खाली सोडून टाटांचं खोपोलीचं वीजगृह १९१५ पासून वीज तयार करत आलं आहे. गाडीच्या बाबतीत थोडी शक्ती वारा आणि रस्ता खातो. उरलेली कुठे जाणार? तुम्ही नुसता ब्रेक दाबत उतरलात तर ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. दोन युनिट म्हणजे वीस-बावीस लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता. २५ टनांच्या ट्रकची गोष्ट केली तर दोन पिंपं पाणी उकळेल. ती चार चाकांत किंवा दहा चाकांत, थोडक्या मिनिटांत. लायनर तापतात, जळका वास येतो आणि पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या अनेकांमागे एवढंच गणित असतं.

उपाय जुना आहे. खालचा गिअर. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की चाकं इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. ब्रेकवरचा भार हलका होतो. अब्बांचा नियम होता, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. अब्बा अशांना 'उधारीवर चालणारे' म्हणायचे. आता तर ती बचतही खोटी ठरली आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं इंधन जळतच राहतं. म्हणजे जिवाचा धोका पत्करून जास्त पेट्रोल जाळायचं.

मॅन्युअल गाडीत हे शहाणपण हातात असतं. दांडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणली की झालं. ऑटोमॅटिकमध्ये ते हरवण्याचा धोका असतो. 'डी' वर टाकलं की माणूस निश्चिंत होतो. नव्या महागड्या गाड्या उतार ओळखून स्वतः खालचा गिअर धरतात, पण सगळ्याच धरत नाहीत. आणि स्पोर्ट्स कार तर जड, ताकदवान आणि इतकी शांत असते की वेग कधी वाढला ते आत बसून कळत नाही. आपल्या घाटात मर्यादा ताशी ६० किलोमीटरची, आणि काट्याने शंभर कधी ओलांडले ते पुढचं वळण अंगावर आल्यावर समजतं.

म्हणून ऑटोमॅटिक घेणाऱ्याने चार गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकाव्यात. गाडी स्वतःच्या हुकमावर कशी आणायची, म्हणजे 'एम' असो, 'एस' असो, 'एल' असो की स्टिअरिंगमागची पाती. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर धरायचा, मध्यावर नव्हे. उतारावर 'एन' ला हात लावायचा नाही. आणि चढावर थांबताना गाडी ब्रेकवर धरायची, अॅक्सिलरेटरवर नव्हे. पावसाळ्यात आणखी एक. ओल्या वळणाच्या ऐन मध्यावर एकदम खालचा गिअर टाकू नये, मागची चाकं घसरू शकतात. जे काय करायचं ते वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

हे पाच धडे येत असतील तर ऑटोमॅटिक कमी सुरक्षित नाही. येत नसतील तर मॅन्युअलसुद्धा कोणाला वाचवत नाही.

मग काय घ्यावं?

मी स्नेह्यांना सांगितलं ते थोडक्यात असं. वेगासाठी निवडायचं असेल तर विचारूच नका, ऑटोमॅटिक. रोजच्या कोंडीतून जायचं असेल, गुडघा दुखत असेल, घरात दोघे चालवणारे असतील, तरी ऑटोमॅटिक. पण जी वस्तू घेण्याची मुळात गरजच नाही ती आपण आनंदासाठी घेत असतो. तुमचा आनंद जर गिअर स्वतः टाकण्यातच असेल, पाय शाबूत असेल आणि रस्ता मोकळा मिळणार असेल, तर दोन दशांश सेकंद हरून मॅन्युअल घ्या. फक्त एका कारणासाठी घेऊ नका. अजून आपण म्हातारे झालो नाही, हे कोणाला तरी दाखवायला.

फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''हे शेवटचं मला आधी सांगायचं.'' त्यांनी ऑटोमॅटिक घेतली. गाडी आल्यावर पहिल्या रविवारी भाच्याला शेजारी बसवून ते खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत पाती ओढत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले. खाली आल्यावर भाच्याने चाकाजवळ हात नेऊन पाहिलं आणि मान हलवली. ब्रेक तापले नव्हते.

मला स्वतःला कोणी फुकट दिलीच तर मी मॅन्युअल मागेन. माझा गुडघा अजून चांगला आहे. अब्बांचा नव्हता. साठीनंतर त्यांना तो वाकवून बसता येईना, खुर्चीवर बसून नमाज पढायचे. डॉक्टर वयाचं कारण द्यायचे, अब्बा क्लचचं.

२०१६ साली भाच्याने पहिली एएमटी गाडी घेतली तेव्हा तो अब्बांना घाटातून फिरवून आणायला घेऊन गेला. मी मागे बसलो होतो. चढताना अब्बा खूश होते. गाडीला डावा पायच लागत नाही याचं त्यांना लहान मुलासारखं नवल वाटत होतं. जुन्या रस्त्याने उतरताना शिंग्रोबा आला. ज्या धनगराने घाटाची वाट दाखवली, म्हणून सांगतात, त्याचं हे देऊळ. तिथे अब्बांनी नेहमीसारखा कपाळाला हात लावून सलाम केला. मग समोरच्या उताराकडे पाहत त्यांनी विचारलं, ''ही चढताना आपलं आपण समजते. उतरताना हिला कोण सांगतं?''

भाच्याने काही न बोलता दांडी बाजूला घेऊन दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी आवरली. अब्बांनी मान डोलवली. मी मागून वाकून पाहिलं. पुढचं वळण येत होतं, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या अब्बांचा डावा पाय, गुडघा दुखत असूनही, खालच्या चटईवर हलकेच दाबला जात होता.